शंभर यार्डांच्या आत

महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील तंबाखू, दारू व अमली पदार्थांच्या सेवनाविषयी जे लेखन होते, त्यातील बरेचसे वसतिगृहात राहणारा शहरी विद्यार्थी गृहीत धरून झालेले असते. घरापासून दूर आलेला मुलगा, हाती खेळू लागलेला पैसा आणि विचारणारे कोणी नाही, एवढ्यावर त्याची मांडणी उभी असते. जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातील आष्टीला (बीड जिल्ह्यातील तालुक्याची आष्टी किंवा १९४२च्या हुतात्म्यांमुळे प्रसिद्ध झालेली वर्धा जिल्ह्यातील आष्टी ती ही नव्हे) ही मांडणी फारशी लागू पडत नाही. १९५८मध्ये स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील हा भाग असून, येथील पदवीचा विद्यार्थी पुष्कळदा घरूनच ये-जा करतो, कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत वर्गापेक्षा रानात अधिक असतो, आणि तंबाखूशी त्याची पहिली ओळख वर्गमित्राने करून दिलेली असण्यापेक्षा बांधावर बसलेल्या वडीलधाऱ्याच्या चंचीतून झालेली असण्याचा संभव जास्त असतो. म्हणून येथे प्रश्न ‘बिघडलेल्या मुलां’चा उरत नाही, जे घरात, शेतात आणि पारावर चालते तेच महाविद्यालयाच्या फाटकापाशी अपराध कसे ठरते, असा तो होतो.

पुढील संवादातील ‘प्राचार्य’ आणि ‘डॉक्टर’ या विशिष्ट व्यक्ती नसून या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन भूमिका आहेत. पहिली भूमिका शिस्त आणि कायदा यांना अग्रक्रम देते, तर दुसरी उपचाराला. संवादात येणाऱ्या तीन संज्ञा आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. ‘वापर’ म्हणजे पदार्थाचे कोणतेही सेवन, मग ते यात्रेतल्या एखाद्या दिवसापुरते का असेना. ‘अपायकारक वापर’ म्हणजे ज्यामुळे शरीराचे, अभ्यासाचे किंवा नात्यांचे नुकसान होऊ लागले आहे असे सेवन. आणि ‘अवलंबित्व’ म्हणजे तलफ आवरत नाही, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते आणि पदार्थ थांबवताच शरीर व मन त्रास देऊ लागते ती अवस्था. या शेवटच्या त्रासाला व्यसनमुक्ती केंद्रांत सर्रास ‘विड्रॉल’ म्हणतात.

प्राचार्य : कायद्यांची उणीव कोठेही नाही, मॅडम. २००३च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करणे, या दोन्ही गोष्टींना मनाई केली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यावरील बंदीची नवी नियमावली २ ऑक्टोबर २००८पासून अमलात आली. जुलै २०१२मध्ये महाराष्ट्राने अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घातली आणि पुढे तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली. २०१९मध्ये ई-सिगारेट बंद झाली, २०२०मध्ये राज्यात सुटी सिगारेट व बिडी विकण्यावर बंदी आली. एवढे सगळे असूनही पुडी मिळते, याचा अर्थ नियम आहे पण धाक नाही. ज्या विद्यार्थ्याच्या खिशात पुडी सापडेल त्याला पहिल्या वेळी पालकांसमोर उभे करावे आणि दुसऱ्या वेळी नाव कमी करावे. चार नावे कमी झाली की उरलेले चारशे सावध होतील.

डॉक्टर : सर, आपण सांगितलेल्या या कायद्यांपैकी बहुतेकांचा रोख विकणाऱ्यावर आहे आणि आपली शिक्षा मात्र विकत घेणाऱ्याला. शिवाय कायद्याने वयाची उतरंड कशी लावली आहे तेही पाहावे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, शिवाय परवानाही लागतो. म्हणजे बारावीनंतर सरळ पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याचे तीनही वर्षांचे शिक्षण जवळजवळ संपते तरी कायद्याच्या दृष्टीने तो एक घोटही घेऊ शकत नाही. तंबाखू मात्र अठराव्या वर्षी खुली होते. आता अवलंबित्वाचा धोका पाहू. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, पदार्थ एकदा तरी घेतलेल्यांपैकी किती जण पुढे अवलंबित्वापर्यंत पोहोचले याचा हिशेब मांडला गेला : तंबाखूच्या बाबतीत सुमारे ३२ टक्के, हेरॉइनच्या बाबतीत २३, दारूच्या बाबतीत १५ आणि गांजाच्या बाबतीत ९ टक्के. ज्या पदार्थाला कायदा सर्वांत आधी दार उघडतो, तोच सर्वाधिक लोकांना धरून ठेवतो.

या आकड्यांविषयी थोडी सावधगिरी हवी. ते अमेरिकेतील आहेत आणि तेथील तंबाखू म्हणजे प्रामुख्याने सिगारेट. शिवाय जो पदार्थ सहज मिळतो त्याचे अवलंबित्व जडण्याची संधीही अधिक मिळते, त्यामुळे हेरॉइनपेक्षा तंबाखू ‘घातक’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही. तरीही डॉक्टरांचा मूळ मुद्दा, म्हणजे समाजाला वाटणारी भीती आणि प्रत्यक्ष अवलंबित्व यांचा क्रम एक नसतो हा, त्याने बाधित होत नाही.

प्राचार्य : तंबाखूचे दुष्परिणाम कोणी नाकारत नाही, पण तंबाखूने मुलाची शुद्ध हरपत नाही, तो घरातल्या वस्तू विकत नाही. आज पालक घाबरतात ते गांजाला, एमडीला आणि ‘बटना’ला. एमडी म्हणजे मेफेड्रोन, प्रयोगशाळेत तयार होणारी उत्तेजक पूड. २०१५मध्ये ती अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत घालावी लागली. ‘बटन’ म्हणजे झोपेच्या व चिंताशामक गोळ्या. छत्रपती संभाजीनगरला शिकायला पाठवलेल्या मुलाविषयी घरच्यांची झोप उडते ती यामुळे. महाविद्यालयाने आपली मर्यादित शक्ती प्रथम येथे का लावू नये?

डॉक्टर : कारण त्या पदार्थांकडे वळणारे थोडे आहेत आणि तंबाखू-दारूकडे वळणारे पुष्कळ. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, देशातील १० ते ७५ वयोगटापैकी १४.६ टक्के लोक दारू घेत होते, तर भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के. जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीच्या २०१६-१७च्या फेरीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली, चघळण्याची किंवा दाताला लावण्याची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्या फलकांवर मात्र पेटलेल्या सिगारेटवर फुली मारलेली असते. जो बार ओठाखाली आहे तो त्या फलकाला दिसतच नाही.

तंबाखूबरोबर चुना का मळतात, याचे उत्तर बहुतेक जण ‘चव येते’ असे देतात. खरे कारण रासायनिक आहे. तंबाखूतील निकोटिन आम्लधर्मी स्थितीत क्षाररूपात बांधलेले असते व तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुन्याच्या अल्कधर्मामुळे ते मोकळे होते, मिनिटांत रक्तात उतरते आणि मेंदूत डोपामिन या रसायनाचा स्राव वाढवते, ज्यामुळे बरे वाटते व तेच पुन्हा हवेसे होते. निर्णय, संयम आणि परिणामांचा अंदाज यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणजे पदवीचे वय हे ही सवय रुजण्याला सर्वाधिक अनुकूल असे वय आहे. मावा आणि गुटखा यांत सुपारीची भर पडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्ककारक ठरवले आहे. तोंड हळूहळू उघडेनासे होणे, गालाच्या आतील त्वचा ताठर व पांढरट होणे ही त्याच सुपारीची देणगी, आणि ती विशीतल्या मुलांतही आढळते.

‘बटना’च्या बाबतीत मात्र प्राचार्यांची काळजी फेटाळून लावणे योग्य नाही. फक्त येथेही उपाय विद्यार्थ्याच्या खिशाची झडती हा नाही. १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या ‘एच-१’ या औषधसूचीत अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडोल यांसारखी औषधे समाविष्ट असून ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव आणि दिलेली मात्रा स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन औषध दुकानदारावर आहे. ती वही कोणी उघडून पाहिली, तर निम्मे काम तेथेच होते.

प्राचार्य : आपण सतत विक्रेत्याकडे बोट दाखवता, पण तरुणांच्या मनोबलाला काही किंमत आहे की नाही? याच मराठवाड्यातील तरुणांनी निजामाच्या राजवटीत काय केले ते आठवावे. १९३८मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट न सोडल्यामुळे उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी नाव कमी होणे पत्करले. १९४७च्या लढ्यात, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यक्रमात, गावोगावच्या तरुणांनी शिंदीची झाडे तोडली. तेव्हाही प्रलोभने होतीच.

डॉक्टर : उदाहरण आपण उत्तम दिलेत, सर, पण ते आपल्या विरुद्ध जाते. त्या तरुणांनी शिंदी पिणाऱ्या मजुराला चोप दिला नाही. ज्या झाडाच्या रसावर निजाम सरकार अबकारी कर, म्हणजे मादक पेयांवरील कर, वसूल करीत होते ते झाड तोडले. घाव महसुलावर होता, माणसावर नव्हता. आणि उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, म्हणून त्यांचे शिक्षण वाचले. पुडी सापडली म्हणून आपण ज्याचे नाव कमी कराल, त्याला दार उघडणारे नागपूर कोणते?

येथे प्राचार्यांची भूमिका काहीशी बदलते, आणि ती बदलल्यावर अधिक बळकट होते.

प्राचार्य : मग घाव महसुलावरच घालू. महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’ची तरतूद आहे : गावातील वा प्रभागातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी दुकान बंद करण्याच्या बाजूने मत दिले तर परवानाधारक दुकान बंद करावे लागते. विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या आयांनी हे काम हाती घेतले तर समुपदेशनाच्या शंभर तासांपेक्षा त्याचा परिणाम मोठा होईल.

डॉक्टर : दुकान बंद होईल, दारू बंद होईलच असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१मध्ये ती उठवण्यात आली. अवैध विक्री वाढल्याचे कारण तेव्हा पुढे करण्यात आले. परवान्याचे दुकान गेले की चपट्यांची खोकी मोटारसायकलवरून येतात आणि हातभट्टी डोके वर काढते. २०१५मध्येच मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, हेही विसरता येत नाही.

या एका मुद्द्यावर डॉक्टरांचे उत्तर घाईचे वाटते. अवैध विक्री होते म्हणून बंदी निरर्थक ठरते असे नाही. पदार्थ मिळवायला किती पैसे, किती अंतर आणि किती लाज मोजावी लागते, यावर नवशिक्याचे सेवन फार अवलंबून असते. अवलंबित्वाच्या अवस्थेतील माणूस चपटीसाठी दहा किलोमीटर जाईल. परीक्षा संपल्याच्या आनंदात ‘बसायला’ निघालेले चार मित्र, दुकान रस्त्यावर नसेल तर, कदाचित वडापाव खाऊन घरी जातील. बंदीचा उपयोग दुसऱ्यांसाठी आहे, पहिल्यासाठी नाही, आणि विद्यार्थ्यांत संख्येने दुसरेच अधिक असतात. चंद्रपूरला लागून असलेल्या गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती केवळ पोलिसांवर न सोडता गावसंघटना आणि उपचार यांची जोड देणारे ‘मुक्तिपथ’ अभियान तेथे चालवले. बंदी आणि उपचार एकमेकांच्या विरुद्ध बाजूला बसलेच पाहिजेत, असे त्या अनुभवावरून दिसत नाही.

प्राचार्य : पण ज्याने अमली पदार्थ घेतला तो गुन्हेगारच आहे. कायदा तसे म्हणतो.

डॉक्टर : कायदा पुढेही काही म्हणतो. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७मध्ये सेवनासाठी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, सांगितले आहे हे खरे. परंतु त्याच कायद्याचे कलम ६४-अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प मात्रा बाळगण्याचा आरोप असलेल्या व्यसनग्रस्ताने स्वतः होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायचे ठरवले आणि ते पूर्ण केले, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. देशाच्या कठोरातल्या कठोर कायद्याने जी सवलत ठेवली, ती महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात का नसावी? नाव कमी होण्याची भीती असलेला विद्यार्थी शिक्षकाकडे येऊन ‘सुटत नाही’ असे कधीच सांगणार नाही. तो सांगेल तेव्हा उशीर झालेला असेल.

प्राचार्य : सवलत दिली की तिचा गैरफायदा घेणारेही येतात. पकडला गेल्यावर प्रत्येक जण उपचाराला तयार होतो.

डॉक्टर : होऊ द्यावे. भीतीने आला तरी आला, एवढे पुरेसे असते. १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हा ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर मुंबई-पुण्याच्या तरुणांत पसरत होती. तेव्हापासूनचा व्यसनमुक्ती क्षेत्राचा अनुभव असा की, स्वेच्छेने आलेले थोडे असतात, पुष्कळांना घरच्यांनी आणलेले असते, आणि तरीही बरे होणारे दोन्हींत असतात.

शिस्त आणि उपचार यांच्यातील या वादात एक तिसरी बाब दोघांच्याही नजरेतून निसटते, आणि विद्यार्थ्यांच्या संदर्भात तीच सर्वांत फलदायी ठरण्यासारखी आहे. १९८६मध्ये वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, आपले सहाध्यायी किती दारू पितात आणि तिला किती मान्यता देतात याचा विद्यार्थ्यांचा अंदाज वास्तवापेक्षा बराच चढा असतो, आणि या फुगलेल्या अंदाजाशी आपले वागणे जुळवण्याकडे त्यांचा कल असतो. कारण उघड आहे : वरातीत पिऊन नाचणारा सर्वांना दिसतो, न पिणारा कोणाच्या लक्षात राहत नाही. महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात याचा दुसरा अर्थ जवळजवळ तीन-चतुर्थांश वापरत नाहीत असा आहे; आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी दारू घेणारे साधारण १४ टक्के होते. ‘तरुणाई व्यसनाच्या विळख्यात’ असे ठळक अक्षरांत लिहिणारा फलक, ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या फेरीत मिरवला जातो तेव्हा, बिचकत असलेल्या मुलाला नकळत एवढेच सांगतो की सगळेच घेतात.

आइसलँडचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते व ते खरेही आहे : तेथे मागील महिन्यात एकदा तरी झिंगलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८मधील ४२ टक्क्यांवरून २०१६पर्यंत ५ टक्क्यांवर आले. त्यामागे भाषणे नव्हती. दरवर्षीच्या पाहण्या, पालकांचे आपसांतील करार, रात्री बाहेर फिरण्यावर मर्यादा आणि खेळ-संगीतासाठी सरकारी पैसा होता. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आतबाहेर, तर एकट्या जालना जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांहून अधिक. तेव्हा ती योजना जशीच्या तशी उचलून येथे ठेवता येणार नाही. तरी तिच्यातील एक गोष्ट फुकट आहे, आणि ती म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांत प्रत्यक्ष किती जण काय घेतात हे नाव न विचारता दरवर्षी मोजणे आणि ते आकडे विद्यार्थ्यांनाच दाखवणे.

प्राचार्य : मोजणी मान्य. पण मोजल्याने सवय सुटत नाही. सोडण्याचे कारण काय द्यायचे? कर्करोगाचे चित्र पुडीवर ८५ टक्के जागा व्यापून छापलेले असते आणि मुले ते न पाहता पुडी फाडतात.

डॉक्टर : पन्नाशीतला कर्करोग विसाव्या वर्षी कोणालाच खरा वाटत नाही. भरती मात्र खरी वाटते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि लागलेल्या वेळेवरून गुण ठरतात. बिडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला अडवून ठेवतो आणि सोडल्यानंतर एक-दोन दिवसांतच तो निघून जातो. निकोटिनचा विड्रॉल पहिल्या दोन-तीन दिवसांत तीव्र असतो व तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. चिडचिड होईल, लक्ष लागणार नाही, भूक वाढेल, पण जिवाला धोका नाही, हे आधीच सांगितले तर मुलगा तिसऱ्या दिवशी हार मानत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू मात्र एकाएकी तोडणे धोक्याचे असते, झटके येऊ शकतात. तेथे दवाखानाच हवा. भरतीची तारीख ही सोडण्याची तारीख करावी आणि मैदानावरच्या प्रशिक्षकाने ती लिहून घ्यावी.

मुलींविषयी या चर्चेत आडवी बाटली वगळता काही आले नाही, आणि एरवीही येत नाही. मिश्री, म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, दात घासण्याच्या निमित्ताने ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक घरांत आई-आजीकडून मुलीकडे येते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी विचारतही नाही. महाविद्यालयीन पाहणीत हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला नाही, तर मुलींचा आकडा शून्य येईल आणि तो खोटा असेल.

दोन्ही बाजू ऐकल्यावर क्रम लावायचा झाला तर तो असा लागतो : विक्रेत्याविषयी प्राचार्यांची कठोरता पूर्णपणे योग्य, विद्यार्थ्याविषयी ती अयोग्य, उपचाराविषयी डॉक्टर बरोबर, बंदीविषयी निम्म्याच बरोबर. नाव कमी करण्याचा नियम कोणत्याही महाविद्यालयाच्या पुस्तिकेत असेल, तर तो काढून त्या जागी ‘स्वतः होऊन सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही’ असे एक वाक्य छापावे. कलम ६मधील शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, हे अंतर संस्थेच्या कुंपणापासून सर्व बाजूंनी मोजायचे असते. ते मोजून रस्त्यावर पिवळी रेषा आखायला राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना एक सकाळ पुरते, आणि रेषेच्या आतील टपरी उठवण्याऐवजी तिला तंबाखू सोडून इतर माल ठेवण्याची मुदत दिली तर गावात वैरही होत नाही. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ हे राष्ट्रीय मदत क्रमांक असून, दोन्ही नि:शुल्क आहेत.